लेक मिशिगनच्या वाळूच्या टेकड्या आणि लाडू: परवानगीच्या आधी घड्याळ बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शिकागोजवळ नेपरव्हिलला राहता. घरात चार वर्षांची लॅब्रॅडोर आहे, लाडू, वजन 32 किलो. मुलगी नऊ वर्षांची. पुण्याहून आई-बाबा आलेत आणि बाबांचे गुडघे कुरकुरतात. हातात तीन रात्री आहेत, त्यात वाळूच्या टेकड्या चढणं, तंबूत राहणं आणि पाण्यात डुंबणं हे सगळं लाडूला घेऊन करायचंय. इंडियाना ड्यून्स बरं की स्लीपिंग बेअर ड्यून्स, कुठे कुत्र्याला येऊ देतात, आणि जाता जाता विचारलंय की गाडीतली वाळू कशी काढायची.

परवानगीचं उत्तर सोपं आहे. दोन्ही जागा नॅशनल पार्क सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या, दोन्हीकडे कुत्रं चालतं. लीश सहा फुटांपेक्षा लांब नको, विष्ठा उचलायची, आणि कुत्र्याला कुठेही बांधून निघून जायचं नाही. पण या तिसऱ्या नियमातच तुमची खरी अडचण आहे. लाडूला नेता येत नाही अशा जागी बाकीचे गेले की तिच्याजवळ कोण थांबणार? आणि बाकीच्या वेळी वाळू तिच्या पायांना सोसेल का? सहल फसते ती बहुतेक वेळा या दोन गोष्टींमुळे.

मी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सजवळ गेली चौदा वर्षं कुत्र्यांना शिकवते, म्हणजे खरं तर त्यांच्या माणसांना. मूळची भोरची. राजगडला गुंजवण्यातून चढायला लागलं की गावातलं एखादं कुत्रं आपणहून सोबत यायचं, चोर दरवाज्याखालच्या खडकांवरून आपल्याआधी वर, आणि पार्ले-जीचा पुडा सुटला की बरोबर शेजारी. ते पाहून मोठं झालेल्या आपल्या लोकांना वाटतं, कुत्रं म्हणजे चालणारच. पण त्या कुत्र्याचे तळवे रोज दगडावर घासून टायरसारखे झालेले असतात. लाडूचे तळवे कार्पेटवर वाढलेत.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझा आधीचा कुत्रा शेरू, जर्मन शेफर्ड आणि आणखी कशाकशाची सरमिसळ, 29 किलोचा. जुलै महिना, दुपारचा एक, इंडियानाचा एक किनारा. पार्किंग आणि पाणी यांच्यामध्ये कोरड्या वाळूचा पट्टा. माझ्या पायात चपला. तो आधी झपझप चालला, मग एकेक पाय उचलून टाकायला लागला, मग मध्येच खाली बसला आणि बसल्याबरोबर उठला. मला वाटलं, हट्ट करतोय. मी लीश ओढली. दुसऱ्यांदा बसला तेव्हा मी काय झालं बघायला वाकले, हात वाळूवर टेकला आणि झटकन मागे घेतला. मग त्याला उचलून पाण्यापर्यंत धावले. संध्याकाळी पुढच्या दोन पायांची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटली. दोन आठवडे मलम, पट्ट्या आणि घरातल्या घरात लंगडणं. एका दुपारचा, मुळात माझ्या चपलांचा हा परिणाम.

म्हणून माझा पहिला नियम: वाळूवर पाऊल ठेवण्याआधी स्वतःच्या चपला काढा, जागेवर उभं राहा आणि मनात सात अंक मोजा. सातपर्यंत तुम्हाला थांबवलं नाही तर लाडूलाही नाही. कुत्र्यांचे बूट मिळतात, पण वाळूत मला ते आवडत नाहीत. आत वाळू जाते आणि घासून घासून नवीनच जखम होते. त्यापेक्षा वेळ बदला. उन्हाळ्यात कोरड्या वाळूवर सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळात एक तर झाडीतली वाट, नाही तर लाटांनी भिजलेला ओला पट्टा.

आता जागा कुठली. हे लाडूच्या सवयीवर अवलंबून आहे. ती कधी तंबूत झोपली आहे का? रात्री अनोळखी आवाज झाला की भुंकते का? याची उत्तरं माहीत नसतील, तर माझा सल्ला तुम्हाला थोडा लांबचा वाटेल: आधी एक रात्र इंडियानाला रंगीत तालीम करा, आणि तीन रात्रींची मोठी फेरी स्लीपिंग बेअरला ठेवा.

इंडियाना ड्यून्स तुमच्यापासून दीड तासाच्या आत आहे. 2019 मध्ये त्याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. त्याआधी, 1966 पासून, ते नॅशनल लेकशोअर, म्हणजे राखीव तलावकिनारा, होतं. तिथल्या ड्यूनवूड कॅम्पग्राउंडमध्ये वीज नाही, पण अंघोळीची सोय आहे, आणि रेल्वेचा आवाज ऐकू येतो. हा आवाज तुमच्या फायद्याचा आहे. पहिल्या रात्री लाडू गाडीची शिटी ऐकून उठली आणि पुन्हा झोपली, तर ती पास. रात्रभर भुंकली, तर सकाळी दीड तासात घरी. हेच साडेपाच-सहा तासांवरच्या जागी झालं असतं तर सगळ्यांची तीन दिवसांची मजा गेली असती. तिथल्या बहुतेक किनाऱ्यावर लीश लावून कुत्रं चालतं, पण उन्हाळ्यात वेस्ट बीचच्या जीवरक्षक असलेल्या पोहण्याच्या भागात चालत नाही. नॅशनल पार्कच्या मधोमध इंडियाना ड्यून्स स्टेट पार्क आहे. त्याचं फाटक वेगळं, पास वेगळा, पोहण्याच्या किनाऱ्याचे नियमही वेगळे. नावं सारखी असल्यामुळे लोक इथे हमखास गोंधळतात. तंगडतोड करायची हौस असेल तर याच स्टेट पार्कमध्ये माउंट जॅक्सन, माउंट होल्डन आणि माउंट टॉम या तीन टेकड्यांची दीड मैलाची वाट आहे. अंतर ऐकून हसाल, पण चढ साडेपाचशे फुटांचा, आणि तोही घसरत्या वाळूत. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. सकाळी सातला करा.

स्लीपिंग बेअर मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पाच्या वायव्य भागात, एम्पायर आणि ग्लेन आर्बर या गावांच्या आसपास. 1970 मध्ये राखीव झालेली ही जागा. इथल्या टेकड्यांची रचना समजून घ्या, कारण धोका तिच्यात आहे. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या दगडगोट्यांचे उंच कडे, आणि त्यांच्या डोक्यावर वाऱ्याने चढवलेली वाळू. त्यामुळे वरून पाहिलं की लेकपर्यंत नुसती मऊ उतरण वाटते. पिअर्स स्टॉकिंग सीनिक ड्राइव्ह या गाडीरस्त्यावरची लेक मिशिगन ओव्हरलुक ही देखावा बघायची जागा पाण्यापासून साडेचारशे फूट उंचावर आहे. पोरं धावत खाली जातात पाच मिनिटांत आणि हातापायांवर रांगत वर येतात दोन तासांनी. खाली जाऊ नका अशी ठळक पाटी तिथे आहे. मुलीने कितीही हट्ट केला तरी ही उतरण नाही. लाडूच्या बाबतीत तर प्रश्नच नको: 32 किलोचं थकलेलं कुत्रं साडेचारशे फूट वाळूतून उचलून आणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

चढायला अधिकृत जागा आहे ती ड्यून क्लाइंब, आणि तिथे कुत्र्यांना बंदी आहे. मुलीला तर तीच करायची असणार. मग दोन गट करा. एक मोठं माणूस मुलीबरोबर वर. दुसरं लाडूला घेऊन स्लीपिंग बेअर हेरिटेज ट्रेलवर, जी ड्यून क्लाइंबच्या पायथ्याशीच जाते. ती डांबरी वाट आहे, बरीचशी सावलीची, सायकलींची वर्दळ असते म्हणून लीश आखूड धरा. आई-बाबांनाही तीच वाट बरी. हे सगळं सकाळी आठला. आणि 'आम्ही पटकन जाऊन येतो, लाडू गाडीत बसेल' हे वाक्य तोंडातून निघूच देऊ नका. बाहेर 27 अंश असताना बंद गाडीत अर्ध्या तासात पारा 45 वर जातो. काच दोन बोटं उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांची कथा अशी आहे की वणव्यातून जीव वाचवायला एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन लेक पोहून पलीकडे निघाली. ती पोचली, पिल्लं किनारा दिसत असताना बुडाली. वाट पाहत झोपलेली आई म्हणजे ही टेकडी, आणि पिल्लं म्हणजे समोरची नॉर्थ व साउथ मॅनिटू बेटं. मुलीला ही गोष्ट एम्पायर ब्लफच्या टोकावर बसून सांगा. बेटांवर मात्र कुत्र्यांना पूर्ण मज्जाव आहे, तेव्हा बोटीची फेरी या खेपेला यादीतून काढा.

एम्पायर ब्लफची वाट हीच तुमच्या कुटुंबाची वाट. जाऊन-येऊन दीड मैल, बराच भाग बीच आणि मेपल या झाडांच्या सावलीत, शेवटी लाकडी फळ्यांचा रस्ता आणि खाली निळंशार पाणी. चढउतार आहेत, बाबांनी काठी घ्यावी आणि घाई करू नये. लाडूला लीशवर येता येतं. टोकाला पोचल्यावर लीश मनगटात अडकवून घ्या, कारण फळ्या संपतात तिथे कडा सुरू होतो.

किनाऱ्यांचं थोडं नाजूक आहे. सगळेच किनारे कुत्र्यांना खुले नाहीत, आणि त्याचं मोठं कारण पायपिंग प्लोव्हर नावाचा मूठभर पक्षी. आपल्या चिखल्याचा भाऊबंद. 1986 मध्ये ग्रेट लेक्सवरचा हा पक्षी धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेला तेव्हा वीसपेक्षा कमी जोड्या उरल्या होत्या. आता त्या बऱ्याच वाढल्यात, आणि त्यातला मोठा हिस्सा याच किनाऱ्यावर अंडी घालतो. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. कुत्रं लीशवर असलं तरी पक्ष्याच्या लेखी ते लांडगंच. तो उठतो, आणि अंडी तापत पडतात. म्हणून पोचल्या दिवशी एम्पायरच्या व्हिजिटर सेंटरमध्ये जाऊन कुत्र्यांसाठी खुल्या किनाऱ्यांचा नकाशा घ्या. मित्राने तीन वर्षांपूर्वी पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका. एश रोडच्या किनाऱ्याला ऑटर क्रीक लेकला मिळते, पाणी उथळ आणि मुलांना खेळायला छान. तिथेही पाटीवरची हद्द पाहूनच लाडूला उतरवा.

पाण्याबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण लॅब म्हटलं की सगळे निर्धास्त असतात. लेक मिशिगन खारं नाही, भरती-ओहोटी जाणवण्याइतकी नाही, म्हणून आपल्याला ते मोठं तळं वाटतं. खोली मात्र 281 मीटरपर्यंत आहे, आणि वारा सुटला की माणसापेक्षा उंच लाटा येतात. लाल झेंडा असेल तर पाण्यात कोणीच नाही, लाडूही नाही. धक्क्याच्या भिंतीजवळ कधीच पोहू नका. तिथे पाणी भिंतीला लागून आत खेचतं. लाडूला पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घ्या. ती बुडेल म्हणून नव्हे, ती दमली की तुम्हाला धरता यावं म्हणून.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक असतो. लॅबला पाण्यात चेंडू टाकला की ती तोंड उघडून झेपावते, आणि प्रत्येक खेपेला गोडं पाणी घोटाघोटाने पोटात जातं. तासभर असं चाललं की रक्तातलं सोडियम उतरतं. कुत्रं झोकांड्या देतं, पोट फुगतं, उलटी, लाळ, डोळे शून्यात. हे दिसलं तर थांबायचं नाही, सरळ प्राण्यांच्या इमर्जन्सी दवाखान्यात. टाळायला सोपं आहे: चेंडूऐवजी चपटं खेळणं टाका म्हणजे तोंड कमी उघडतं, दहा मिनिटं खेळ आणि दहा मिनिटं सावली. वाळूत तर चेंडू टाकूच नका. ओल्या चेंडूला चिकटलेली वाळू पोटात जाते आणि आतड्यात सिमेंटसारखी बसते.

मेलेले मासे आणि पक्षी. किनाऱ्यावर ते सापडतात, आणि कुत्र्याला ते पंचपक्वान्न वाटतं. 2006 आणि 2007 मध्ये इथे बोट्युलिझमने, म्हणजे जिवाणूच्या विषाने, पाणपक्षी मोठ्या संख्येने मेले होते, तेव्हापासून मी याबाबत फार कडक आहे. लाडूला 'सोड' शिकवायला आजपासून सुरुवात करा. मी आपल्या लोकांना यासाठी सुका बोंबील वापरायला सांगते. स्वयंपाकघरात जमिनीवर एक तुकडा, वर तुमचं पाऊल. ती हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. काही बोलू नका. ज्या क्षणी तोंड बाजूला घेईल त्या क्षणी 'सोड' म्हणा आणि हातातला चिकनचा तुकडा द्या. बोंबील कधीच द्यायचा नाही. दोन-तीन दिवसांनी पाऊल काढा, मग अंगणात, मग चालता चालता. बोंबलाच्या वासावर जी सोडते ती लेकवरचा मेलेला मासाही सोडते. घरात चार दिवस वास राहील, त्याला इलाज नाही.

खाण्याचं बोलतोच आहोत तर आईंना एवढं सांगा. चिवड्यात बेदाणे असतील तर तो डबा गाडीत वर. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि नातवंडाच्या प्रेमाने आजी गुपचूप घास भरवते हे मी शंभर वेळा पाहिलंय. कांद्याचे पोहे, कांदाभजी, तेही नाही. साधी पोळी चालेल. ऑगस्टमध्ये मिशिगनच्या रस्त्याकडेला मक्याची कणसं मिळतात, ती शेकोटीवर भाजाच, पण खाऊन झालेली बुरकुंडं मोजून पिशवीत बांधा. बुरकुंडाचा तुकडा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियाच होते. स्लीपिंग बेअरच्या भोवतालचा लीलानाऊ हा चेरीचा मुलूख, तिथे बियांचंही तेच.

मुक्कामाला दोन पर्याय. डी. एच. डे कॅम्पग्राउंड झाडीत, लेकच्या जवळ, 88 जागा, साधं: वीज नाही, अंघोळ नाही. प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंडमध्ये शॉवर आणि फ्लशचे संडास आहेत. स्वतःपुरतं विचाराल तर मी डी. एच. डे घेईन. तुमच्याबरोबर आई-बाबा आहेत, तुम्ही प्लॅट रिव्हर घ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन खड्ड्याच्या संडासाकडे चालवू नये. जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. चार जुलैचा आठवडा तर टाळाच, फटाक्यांनी कुत्री लीश तोडून पळतात. मुलीच्या शाळेचं जमवून लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतरचा शनिवार-रविवार पुढेमागे एकेक दिवस जोडून साधला तर उत्तम: पाणी अजून बऱ्यापैकी उबदार, गर्दी निम्मी.

रात्री लाडू तंबूच्या आतच. बाहेर रॅकून फिरतात. खाली जमिनीचा गारवा चढतो म्हणून एक जुनी गोधडी द्या, घरात ती ज्यावर झोपते तीच, न धुता. तिला स्वतःचा वास असला की निम्मी भीती जाते. आठवडाभर आधी तंबू घरातच ठोकून मुलीला आणि तिला त्यात दुपारची झोप काढू द्या.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. इंडियाना ड्यून्सला शिकागोचीच वेळ, स्लीपिंग बेअर एक तास पुढे. शिवाय ते त्या वेळपट्ट्याच्या पश्चिम कडेला असल्याने जूनअखेरीस सूर्य साडेनऊला मावळतो. म्हणजे तुमचा दिवस असा पडेल: सकाळी साडेसातपासून टेकडी किंवा ब्लफ, अकराला तंबूच्या सावलीत जेवण आणि सगळ्यांची झोप, चारनंतर हेरिटेज ट्रेलचा तुकडा, साडेसहाला किनारा. तो शेवटचा टप्पा हीच लाडूची खरी सहल. वारा जमिनीकडून लेककडे वाहत असेल तर किनाऱ्यावर पायाला चावणाऱ्या माश्या येतात. पाच मिनिटांत कळेल. अशा दिवशी हट्ट न करता झाडीत जा.

परतल्यावर रोज संध्याकाळी गोचिड्या शोधा. कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या बुडाशी. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिड्या दोन्ही ठिकाणी आहेत. महिन्याचं औषध निघण्याआधी द्या आणि लाइमच्या लशीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. रेबीजचा दाखला गाडीत ठेवा. टेकड्यांवर पॉयझन आयव्हीही भरपूर असते, एका देठाला तीन पानं. कुत्र्याला सहसा काही होत नाही, पण तेल तिच्या केसांवरून तुमच्या मुलीच्या हातावर येतं आणि मग आठवडाभर खाज. लाडू झुडपात शिरली तर हातमोजे घालून भांड्याच्या साबणाने धुवा, आणि मिठ्या त्यानंतर.

आता गाडीतली वाळू. ओल्या कुत्र्याला पुसत बसू नका, वाळू फक्त पसरते. तिला पूर्ण सुकू द्या, मग पायांवर आणि पोटावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा आणि कोरड्या फडक्याने झटका. ओलावा पिठात जातो आणि वाळू सुटते. मागच्या सीटवर जुनी चादर चारही बाजूंनी खोचा, घरी आल्यावर गाठोडं बांधून उचला आणि अंगणात झटका. सीटच्या शिवणीत जी जाते ती राहते. माझ्या गाडीत अजून शेरूच्या वेळची आहे.